जुनी डिस्क घेऊन जा म्हणाला, मग नको म्हणाला: एका प्रीमियम एडिशनचं प्रकरण

आमचा दादा, म्हणजे आतेभाऊ, वयाने मोठा म्हणून दादा, सिनेमाच्या डिस्क जमवतो. मध्यंतरी त्याने त्याच्या एका लाडक्या सिनेमाची प्रीमियम एडिशन घेतली आणि तीन आठवड्यांनी मला फोन केला, "माझी जुनी ब्लू-रे तू घेऊन जा, मला आता ती बघवत नाही, जमीन-अस्मानाचा फरक आहे रे, चित्रात पण आणि आवाजात पण." फुकट मिळतंय म्हटल्यावर मी गेलोच, पण डोक्यात किडा वळवळत होता की हा फरक नक्की कशाचा, कारण दादाला नवीन आणलेल्या प्रत्येक गोष्टीत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, वायर बदलली तरी दिसतो.

सिनेमाचं नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की लोक सिनेमावर भांडत बसतात आणि डिस्क राहते बाजूला. नव्वदच्या दशकातला आहे, ३५ एमएम फिल्मवर शूट केलेला, साधारण दोन तासांचा, रात्रीचे सीन भरपूर, एक लांबलचक पावसाचा सीन आणि शेवटी बरीच फोडाफोडी. एवढं पुरे.

हे प्रकरण लिहून काढावं असं वाटलं त्याचं खरं कारण त्या बॉक्समधे आहे. आत दोन डिस्क होत्या, एक ४के अल्ट्रा एचडी (साध्या ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलची) आणि एक साधी ब्लू-रे. बऱ्याच बॉक्समधे ही सोबतची ब्लू-रे म्हणजे जुनीच डिस्क परत घुसडलेली असते. इथे तसं नव्हतं, ती पण नव्या मास्टरवरून, म्हणजे जिच्यावरून डिस्क काढतात त्या सिनेमाच्या तयार प्रतीवरून, केलेली होती. हे आम्ही बॉक्सवर वाचून मानलं नाही, तपासलं. जुन्या डिस्कवर एका सीनमधे उजवीकडे वर धुळीचा एक ठिपका चमकून जातो आणि चित्र किंचित थरथरतं, नव्या दोन्ही डिस्कवर ठिपका पण नाही आणि थरथर पण नाही, शिवाय दोन्हीत फ्रेमच्या डाव्या कडेला जुनीपेक्षा थोडंसं जास्त चित्र दिसतं. म्हणजे दोन्ही एकाच स्कॅनमधून आल्यात.

आता बघा काय झालं. जुनी ब्लू-रे म्हणजे जुना मास्टर, जुना फॉरमॅट. बॉक्समधली ब्लू-रे म्हणजे नवा मास्टर, पण फॉरमॅट जुनाच. आणि ४के म्हणजे दोन्ही नवं. एरवी आपण "४के घेतली, भारी दिसते" म्हणतो तेव्हा मास्टर आणि फॉरमॅट दोन्ही एकदम बदललेलं असतं, श्रेय मात्र सगळं बॉक्सवरच्या "४के" ह्या दोन अक्षरांना जातं. इथे ते दोन वेगळं करता येत होतं, आणि असा योग रोज येत नाही म्हणून मी सुट्टीचा अख्खा दिवस तिकडेच घालवला. वहिनीला सिनेमात काडीचा रस नाही, त्यामुळे रिमोट तिच्या हातात दिला, तिच्याइतका निष्पक्ष पंच कुठे मिळणार.

आधी वायरी

दादाचा टीव्ही ५५ इंची, एलसीडी, मधल्या वर्गातला, ब्राइटनेस जेमतेम ४०० निट (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर. आवाजाला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, आणि ते चालवणारा एक जुना रिसीव्हर, इतका जुना की त्याच्या एचडीएमआयमधून ४के एचडीआर (जास्त उजेड आणि जास्त रंग दाखवणारं चित्र) जातच नाही. म्हणून नवीन ४के प्लेयरची एक वायर थेट टीव्हीला आणि दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. जुना ब्लू-रे प्लेयर मात्र पूर्वीसारखाच रिसीव्हरमधून टीव्हीला. म्हणजे टीव्हीच्या दोन वेगळ्या इनपुटवर दोन प्लेयर.

इथेच पहिली गंमत सापडली. बऱ्याच टीव्हीत पिक्चरची सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी असतात. जुन्या प्लेयरचं इनपुट टीव्ही आणल्यापासून होतं तसंच, मोड डायनॅमिक, शार्पनेस चढवलेला, मोशन स्मूदिंग चालू, रंग निळसर. नवीन प्लेयर लावायला आलेल्या माणसाने त्या इनपुटला सिनेमा मोड लावून दिला होता, बिचाऱ्याने बरोबरच केलं होतं. दादा तीन आठवडे ह्या दोन इनपुटची तुलना करत होता आणि त्याला वाटत होतं तो दोन डिस्कची करतोय. मी दोन्हीकडे सिनेमा मोड केला, शार्पनेस उतरवला, स्मूदिंग बंद केलं आणि जुनी डिस्क परत लावली. दादा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "ही एवढी वाईट नव्हती की काय?"

दुसरी गंमत ह्याहून मोठी. टीव्हीवर ४के डिस्क चालू असताना माहितीचं बटण दाबलं तर कुठेही एचडीआर लिहिलेलं येईना. बऱ्याच टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय इनपुटला एक वेगळा पर्याय असतो, कुठे त्याला एन्हान्स्ड म्हणतात, कुठे अजून काही, तो चालू केल्याशिवाय ते इनपुट १० बिटचा एचडीआर सिग्नल घेत नाही. तो बंद होता. प्लेयरने बघितलं की समोरचा एचडीआर घेत नाही, मग त्याने निमूटपणे एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करून पाठवलं, कसली सूचना नाही काही नाही.

"म्हणजे मी तीन आठवडे एचडीआर बघितलंच नाही?"

"नाही."

"पण फरक तर दिसत होता ना!"

दिसत होता, आणि तो सगळाच सेटिंगचा नव्हता, ते पुढे कळलंच. पण एक गोष्ट तेव्हाच डोक्यात बसली, ज्या गोष्टीसाठी लोक प्रीमियम डिस्क घेतात त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बंद होती आणि तरी माणूस खूश होता.

चित्र

चाचणी कशी केली ते सांगतो, कारण पद्धत चुकली की निकालाला अर्थ नाही. दोन प्लेयर, दोन डिस्क, एकाच सीनवर पॉज करून एकदम सुरू. वहिनी नाणं उडवून इनपुट बदलणार (किंवा बदलल्यासारखं करून तेच ठेवणार), आम्ही डोळे मिटून बसायचं, कारण इनपुट बदललं की कोपऱ्यात त्याचं नाव येतं आणि एचडीआर असेल तर त्याचा लोगो पण येतो. तिने "हं" म्हटलं की डोळे उघडायचे आणि सांगायचं कुठली डिस्क. प्रत्येक जोडीला बारा वेळा. ब्लू-रेच्या जोडीत मधेच दोन्ही डिस्कची प्लेयरमधे अदलाबदल केली, म्हणजे फरक प्लेयरचा आहे असा संशय नको.

पहिली जोडी, जुनी ब्लू-रे विरुद्ध नवी ब्लू-रे. दोन्ही १९२० गुणिले १०८० पिक्सेल (ह्यालाच १०८०पी म्हणतात), दोन्ही ८ बिट, एकाच जातीच्या डिस्क. बारापैकी बारा, दादाचे पण आणि माझे पण. नऊ फुटांवरून, सेटिंग सारखी करून सुद्धा. आणि फरक "शार्प दिसतंय" असला मोघम नव्हता, बोट ठेवून दाखवता येत होता. जुन्या डिस्कवर माणसांच्या खांद्यांभोवती, इमारतींच्या कडांभोवती एक बारीक पांढरी रेघ आहे, हे मास्टर बनवताना कडा ठसठशीत दिसाव्यात म्हणून केलेलं एज एन्हान्समेंट. चेहरे मेणचट, कारण फिल्मचा ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसणारे बारीक दाणे, पुसून टाकलाय आणि ग्रेन पुसताना कातडीचा पोत पण गेलाय. काळ्या कोटाच्या घड्या दिसत नाहीत, नुसता काळा ठोकळा. नव्या ब्लू-रेवर रेघ नाही, चेहऱ्यावर छिद्रं-सुरकुत्या आहेत, कोटाला घड्या आहेत.

हे का होतं तर जुन्या मास्टरची जन्मकथाच वेगळी असते. डीव्हीडीच्या काळात बरेच सिनेमे टेलिसिने, म्हणजे फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या, मशीनवर, मूळ निगेटिव्हवरून नाही तर त्याच्या एक-दोन पिढ्या पुढच्या कॉपीवरून टेपवर उतरवले गेले. तेव्हाचे टीव्ही लहान आणि भोंगळ, म्हणून कडा वाढवायच्या, आणि कमी बिटरेटमधे (सेकंदाला कमी डेटा असताना) ग्रेन कॉम्प्रेस करायला जड जातो म्हणून तो पुसायचा, हे तेव्हाच्या हिशोबाने शहाणपणाचंच होतं. पुढे ब्लू-रे आली तेव्हा घाईघाईत तेच मास्टर वापरून डिस्क काढल्या गेल्या. नवा मास्टर मूळ कॅमेरा निगेटिव्हच्या ४के स्कॅनवरून झालेला. ३५ एमएम निगेटिव्हमधे १०८०पी पेक्षा जास्त तपशील असतोच, तो स्कॅनमधे पकडला की नंतर १०८० ला उतरवला तरी चित्र सुधारतं. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो लहान प्रिंट केला तरी चांगलाच दिसतो, तसंच हे.

दुसरी जोडी, नवी ब्लू-रे विरुद्ध ४के, पण एचडीआर मुद्दाम बंद ठेवून. प्लेयरमधे रूपांतराचा ब्राइटनेस खालीवर करता येतो, तो एका राखाडी भिंतीच्या सीनवर डोळ्याने जुळवून घेतला, अगदी तंतोतंत जुळला असा दावा नाही. नऊ फुटांवरून दादाचे बारापैकी सात बरोबर, माझे पाच. म्हणजे नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं. दादा चिडला, म्हणाला तूच काहीतरी सेटिंग बिघडवलंस.

सेटिंग नाही, भूमिती. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद, त्यात १९२० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखता येतो. ह्या हिशोबाने सात-सव्वासात फुटांच्या पलीकडे १०८०पीचेच पिक्सेल सुटे दिसत नाहीत, मग त्याच्या चौपट पिक्सेल देऊन डोळा काय करणार. ४केच्या पिक्सेलचा पूर्ण फायदा घ्यायचा तर त्या टीव्हीसमोर साडेतीन फुटांवर बसावं लागेल. आम्ही बसलो पण, चार फुटांवर मोढे टाकून. तिथून माझे बारापैकी दहा बरोबर आले, पण खरं सांगू का, मी सिनेमा बघतच नव्हतो, आकाशातल्या ग्रेनच्या दाण्यांचा आकार बघत होतो. ४केवर दाणे बारीक आणि सुटे, ब्लू-रेवर किंचित गोळा झालेले. सिनेमा असा कोणी बघत नाही. मोठा प्रोजेक्टर असेल, पडदा शंभर इंचाच्या वर असेल आणि तुम्ही त्याच नऊ फुटांवर असाल तर हे गणित एकदम पालटतं, तिथे ४केचा तपशील खरंच दिसतो, म्हणून हा निकाल "४के म्हणजे थाप" असा कोणी वाचू नये.

तिसरी जोडी, तीच, पण एचडीआर चालू. आता परत बारापैकी बारा, दोघांचे. रस्त्यावरच्या दिव्यांना धग आली, ओल्या रस्त्यावरचं लाल प्रतिबिंब ब्लू-रेवर नुसतं गुलाबीसर होतं ते खरं लाल झालं, संध्याकाळच्या आकाशात ब्लू-रेवर ज्या पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या त्या गेल्या. हे पिक्सेलमुळे नाही. ८ बिटमधे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमधे १०२४. ब्लू-रेचं चित्र साधारण १०० निटच्या ब्राइटनेसच्या हिशोबाने रंगवलेलं असतं, एचडीआरचे मास्टर बहुतेक करून १००० किंवा ४००० निटच्या मॉनिटरवर. रंगांची व्याप्ती पण मोठी. म्हणजे ४के डिस्कवरची खरी मिठाई ४के नाहीच, तिच्यासोबत येणारं एचडीआर आहे. नाव मात्र पिक्सेलचं, कारण आकडा बॉक्सवर छापायला सोपा.

पण वहिनीला विचारलं "कुठलं आवडलं" तेव्हा तिने घोळ केला, म्हणजे आम्हाला तेव्हा घोळ वाटला. रात्रीचे सीन ४केवर आवडले. दुपारी पडदे उघडे असताना म्हणाली, "हे काळोखं दिसतंय, आधीचं बरं होतं." आणि तिचं बरोबर होतं. १००० निटचं चित्र ४०० निटच्या टीव्हीवर दाबून बसवावं लागतं, त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि ते करताना ह्या टीव्हीने दिव्यांची चमक राखायला बाकीचं चित्र खाली ओढलं. अंधाऱ्या खोलीत ते मस्त, उजेडात त्या काळ्या भागातलं काही दिसत नाही. अजून एक, नव्या दोन्ही डिस्कवर ती म्हणाली "मुंग्या दिसतायत, पिक्चर खराब झालंय का?" तो ग्रेन. आम्ही ज्याला सुधारणा म्हणत होतो तो तिला दोष वाटत होता. फिल्मवर शूट केलेल्या सिनेमाला ग्रेन असणारच, तो चित्राचाच भाग आहे, हे मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं.

रंगाचं मात्र मला पण खटकलं. जुन्या डिस्कवर हॉस्पिटलच्या भिंती पांढऱ्या आहेत, नव्यावर हिरवट-निळसर, आणि चेहरे नारिंगीकडे झुकलेले. नवं ते मूळच असतं असं नाही, नवीन ग्रेडिंग, म्हणजे रंग ठरवायचं काम, करणारा माणूस त्याच्या काळाच्या आवडीनिवडी घेऊन बसतो. आणि दिग्दर्शकाने स्वतः केलं म्हणून पण प्रश्न मिटत नाही. द फ्रेंच कनेक्शन ह्या १९७१ च्या सिनेमाची ब्लू-रे २००९ मधे आली तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने रंग इतके बदलले की त्याच सिनेमाचा छायालेखक ओवेन रॉइझमनने जाहीरपणे नापसंती दाखवली, आणि २०१२ मधे परत वेगळ्या रंगांची डिस्क काढावी लागली. आमच्या बॉक्सवर तर कोणाच्या देखरेखीखाली रंग केले हे लिहिलेलंच नव्हतं, नुसतं "नवीन".

बिरुदांबद्दल थोडं

जेवायला उठलो तेव्हा दादाने त्याच्या कपाटातून जुन्या डीव्हीडी काढल्या, त्यात दोन सुपरबिटच्या निघाल्या. आताच्या पोरांना हे नाव माहीत नसेल. २००१ मधे कोलंबिया ट्रायस्टारने ही मालिका सुरू केली होती. कल्पना सरळ होती, डीव्हीडीवरचे मुलाखती-मेकिंग वगैरे सगळे जोडपदार्थ काढून टाकायचे आणि ती जागा चित्र आणि आवाजाला द्यायची, आवाजात डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाजाचा एक फॉरमॅट) पण घालायचं. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात, दोन तासांच्या सिनेमाला वाटले तर सेकंदाला साधारण साडेनऊ मेगाबिट येतात, आणि डीव्हीडीची एकूण कमाल मर्यादाच १०.०८. म्हणजे डिस्क जवळजवळ काठोकाठ भरलेली. पण रेझोल्यूशन तेच ७२० गुणिले ४८०, किंवा पाल पद्धतीचे टीव्ही असलेल्या देशांत ५७६. बिटरेट वाढवला की कॉम्प्रेशनचे चौकोन, धूर-पाण्यातली खळखळ कमी होते. मास्टरमधे जे नाहीच ते बिटरेट कुठून आणणार. तरी मला ती मालिका प्रामाणिक वाटते, काय काढलं आणि काय घातलं हे साधं सांगत होती. २०१३ मधे सोनीने "मास्टर्ड इन ४के" असं लिहिलेल्या ब्लू-रे काढल्या, आतली डिस्क १०८०पीच होती, ते नाव वाचून किती जणांनी ४के समजून घेतल्या असतील देव जाणे.

आणि उलटं उदाहरण पण आहे. द फिफ्थ एलिमेंटची ब्लू-रे २००६ मधे आली, चित्रावर लोकांनी नाकं मुरडली, २००७ मधे नव्याने मास्टर करून परत काढली. फॉरमॅट तोच, सिनेमा तोच, चित्र सुधारलं.

एक धोका राहिला. २००० नंतरचे बरेच सिनेमे संगणकावर २के मधे पूर्ण केलेत, म्हणजे साधारण २०४८ पिक्सेल रुंद, शूट फिल्मवर असो की डिजिटल. त्यांचा अंतिम मास्टरच २के असतो, त्यामुळे ४के डिस्क म्हणजे बहुतेकदा ताणून मोठं केलेलं चित्र. एचडीआर नव्याने केलं असेल तर तरी घेण्यात अर्थ आहे, नाहीतर नाही. दादाच्या नव्वदीतल्या सिनेमाला हा प्रश्न नव्हता कारण तो निगेटिव्ह कापून, रसायनात धुऊन बनलेला, निगेटिव्हमधे सगळं शिल्लक होतं.

आवाज

इथे दादाची खात्री चित्रापेक्षा पक्की होती. "आवाज असा उघडलाय ना, थिएटर!" बॉक्सवर डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरून पण येणारा आवाज. त्याचा रिसीव्हर ॲटमॉस येण्याच्या आधीचा, छताला स्पीकर एकही नाही. ब्लू-रेवरचं ॲटमॉस हे ट्रूएचडी ह्या डॉल्बीच्याच ट्रॅकमधे गुंफलेलं असतं, जुन्या रिसीव्हरला त्यातलं फक्त ७.१ ट्रूएचडी कळतं आणि पाचच स्पीकर असतील तर तो ते ५.१ मधे मिसळतो. म्हणजे ॲटमॉस त्या खोलीत वाजलेलंच नाही, एकदा पण नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग उघडलेला आवाज कसला?

फोनमधलं आवाज मोजायचं ॲप काढलं, फार अचूक नसतं पण दोन आवाजांतला फरक कळायला पुरतं. जुन्या डिस्कवर अनकॉम्प्रेस्ड, म्हणजे न दाबलेला, पीसीएम ५.१ आवाज. नवी लावली की रिसीव्हरवर क्षणभर "डायलॉग नॉर्म उणे ४ डीबी" असं येऊन जातं. डॉल्बीच्या ट्रॅकमधे संवादांची पातळी किती आहे हे सांगणारा एक आकडा असतो, त्यावरून रिसीव्हर अख्खा आवाजच तेवढा खाली आणतो. दर्जा कमी होत नाही, फक्त व्हॉल्यूम कमी. त्यामुळे नवी डिस्क लावल्यावर दादाला आवाज बारीक वाटला, त्याने व्हॉल्यूम चढवला, आणि अंदाजाने चढवताना माणूस थोडा जास्तच चढवतो. मोजलं तर तो नवी डिस्क जुनीपेक्षा साधारण दोन डीबी मोठ्याने ऐकत होता. दोन डीबी म्हणजे "मोठा" असं जाणवत नाही, "छान, भरीव, स्पष्ट" असं जाणवतं. ऑडिओच्या दुकानात विकणाऱ्याला ही युक्ती पाठ असते.

शिवाय जुन्या प्लेयरमधे सेकंडरी ऑडिओ चालू होता. हे डिस्कच्या मेनूचे टिकटिक आवाज आणि कॉमेंटरी मुख्य आवाजात मिसळायला असतं, आणि त्यासाठी बरेच प्लेयर आख्खा आवाज परत लॉसी, म्हणजे काही भाग गाळून लहान केलेलं, डॉल्बी किंवा डीटीएस करून बाहेर पाठवतात. म्हणजे जुनी डिस्क इतकी वर्षं लॉसलेस असून लॉसी वाजत होती. ते बंद केलं, पातळी मोजून जुळवली, आणि परत डोळे मिटून बसलो.

संवादांच्या सीनमधे कोणालाच काही ओळखता आलं नाही. येणार पण नव्हतं, कारण पीसीएम, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, तिन्ही लॉसलेस, उलगडल्यावर मूळ मिक्सचा (संवाद, संगीत, बाकीचे आवाज जुळवून केलेल्या ट्रॅकचा) बिट न् बिट तोच. एकच मिक्स असेल तर ह्यातलं कुठलं भारी हा वाद म्हणजे तोच कागद कुठल्या पाकिटातून आला ह्याचा वाद. पण पावसाच्या सीनमधे आणि शेवटच्या फोडाफोडीत आम्ही दर वेळी ओळखलं, कारण तिथे मिक्सच वेगळं होतं. नव्यात पाऊस चारी बाजूंनी पसरलाय, जुन्यात तो पुढे आहे आणि मागून फक्त गडगडाट येतो. आणि शेवटच्या धमाक्याचा आवाज चक्क बदललाय, नव्यात खाली सबवूफरला जास्त काम आहे, पण जुन्यातला काच तडकल्याचा तो कोरडा आवाज, जो आम्ही दोघांनी लहानपणी थिएटरात ऐकून उड्या मारल्या होत्या, तो गेलाय. तीन वेळा मागे-पुढे करून ऐकला. गेलाय. मूळ ५.१ मिक्स दुसरा ट्रॅक म्हणून नव्या डिस्कवर ठेवता आला असता, १०० जीबीपर्यंतची डिस्क असते ही, जागेची काय कमी, पण ठेवला नाही.

दादा ह्या एका आवाजावर जितका हळहळला तितका तीन आठवड्यांच्या एचडीआरवर नव्हता हळहळला.

मग झालं काय

संध्याकाळी हिशोब केला तेव्हा दादाच्या "जमीन-अस्मान" मधले तुकडे सुटे झाले होते. चित्रातला मोठा वाटा आधी टीव्हीच्या सेटिंगचा निघाला. ते सारखं केल्यावर जो फरक उरला तो जवळजवळ सगळा नव्या स्कॅनचा, आणि तो साध्या ब्लू-रेवर सुद्धा मिळतो. ४केच्या पिक्सेलचा, त्या टीव्हीवर त्या सोफ्यावरून, शून्य. एचडीआरचा फरक खरा आणि देखणा, पण रात्री, दिवे बंद करून. आवाजाचा दर्जा तेवढाच, फरक होता व्हॉल्यूमचा आणि मिक्सचा, आणि मिक्सच्या बाबतीत माझ्या मते जुनं उजवं. प्रीमियम एडिशन घेऊन फसला का? मी म्हणेन नाही, नवा मास्टर एवढ्याचसाठी पण घ्यावा इतका चांगला आहे. फक्त नुसती नवी ब्लू-रे वेगळी मिळत असती तर तेवढ्यात त्याचं ऐंशी टक्के काम झालं असतं, आणि ती वेगळी विकत नाहीत, हे त्यांना पण कळत असणारच.

दादाने आता व्यवस्था लावलीय. रात्री ४के. दिवसा कोणी आलं तर बॉक्समधली ब्लू-रे. निघताना मी जुनी डिस्क पिशवीत टाकली तेवढ्यात तो दारापर्यंत आला, "ती राहू दे."

"तूच म्हणालास ना घेऊन जा, बघवत नाही म्हणून."

"बघायला नाही रे," तो म्हणाला, "काच फुटते ना तिच्यात." आणि पिशवीतून काढून घेतली.